भिकबाळी, बुगडी आणि टोचण्याची गन

गेल्या काही वर्षांत लग्नसराईत आणि गणपतीच्या मिरवणुकांत भिकबाळी घातलेले तरुण पुष्कळ दिसू लागले आहेत, आणि मागे पडलेली बुगडीही मुलींच्या कानांवर परतली आहे. हे दोन्ही दागिने कानाच्या वरच्या भागात घालतात, जिथे पाळीसारखे मऊ मांस नसून कूर्चा (कार्टिलेज), म्हणजे टणक पण लवचीक ऊती असते. माझ्या पुतण्याने भिकबाळीचा हट्ट धरला, तेव्हा घरात चर्चा झाली ती किती दुखेल आणि मुहूर्त कोणता याचीच. टोचणारा कोणते साधन वापरणार, हे कोणी विचारले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

दागिन्यांच्या अनेक दुकानांत आज कान गनने टोचतात, आणि क्षणात काम होते म्हणून ती पद्धत सुधारलेली व सुरक्षित आहे असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात गन स्प्रिंगच्या जोराने दागिन्याची दांडीच कानातून आरपार ढकलते. दांडीचे टोक सुईच्या मानाने बोथट असल्यामुळे ऊती स्वच्छ कापल्या न जाता चिरडल्या जातात. शिवाय जुन्या पद्धतीच्या गनचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमधील, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातील, १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ सहन करू शकत नाहीत, त्यामुळे दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्या स्पिरिटने पुसण्यापलीकडे फारसे काही होत नाही. कानाला लागणारा भाग एकदाच वापरून टाकून देण्याची सोय नव्या यंत्रांत असते, आणि केवळ पाळीसाठी ती मला मान्य आहे. पण बसणारा धक्का आणि सुजेला जागा न देणारी आखूड दांडी हे दोष तिथेही उरतातच.

कूर्चेच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून होते. हे आवरण धक्क्याने सुटले किंवा त्याखाली पू साचला, तर कूर्चा मरते आणि कान कायमचा आक्रसतो. अमेरिकेतील ओरेगन राज्यात क्लॅमथ फॉल्स येथे २००० साली एकाच विक्रीकेंद्रावर कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्यांपैकी ७ जणांना सूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले. तिथे पाळीसाठी बनवलेली गन कूर्चेवर वापरली होती, आणि जंतुनाशकाची बाटलीच दूषित झालेली होती.

आपल्याकडची सोनाराची पद्धत या तुलनेत मला अधिक समंजस वाटते. अणकुचीदार सोन्याची तार हाताने सावकाश ओवली जाते आणि तिचीच सैल कडी वळवली जाते, त्यामुळे सुजेला वाव मिळतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही पाळी सूर्यप्रकाशात धरून, जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच, हळूहळू आणि सरळ टोचावे, असे सांगितले आहे. उणीव आहे ती निर्जंतुकीकरणाची. तार वाफेवर निर्जंतुक केलेली नसेल आणि हात उघडे असतील, तर कौशल्य पुरेसे नाही. बारशालाच कान टोचण्याची घाईही नको. धनुर्वातापासूनही संरक्षण देणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळतात, तेवढे थांबल्याने काही बिघडत नाही.

कूर्चा, नाकपुडी किंवा बेंबी टोचायची असेल, तर एकदाच वापरायची पोकळ सुई हाच मार्ग मला योग्य वाटतो, मग ती डॉक्टरांच्या हातची असो वा प्रशिक्षित टोचणाऱ्याच्या. सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जावे, हातमोजे नवे असावेत, आणि दागिना वैद्यकीय दर्जाच्या टायटॅनियमचा किंवा निकेल नसलेल्या सोन्याचा असावा. स्वस्त दागिन्यांतील निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. घरात कोणाला व्रण फुगून गाठ होण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरून येते, पण कूर्चेला ६ महिने ते वर्षही लागू शकते. तोवर सलाइनने धुणे पुरते. हळद-तेलाचा लेप, रोजचे स्पिरिट आणि दागिना सारखा फिरवणे यांनी जखम चिघळते. कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि ठणकणारा झाला असून पाळी मात्र नेहमीसारखी दिसत असेल, तर तो कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी घरी मलम लावत न बसता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, आणि दागिना काढायचा की ठेवायचा हेही त्यांनाच ठरवू द्यावे.