पारिजातकाचं तिकीट

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात परवा दुपारी फुलवाली माझा पाव किलो झेंडू तोलत होती आणि तिची पोरगी मोबाइलवर अहमदाबादचा फ्लॉवर शो बघत होती. साबरमतीकाठी फुलांचे हत्ती, फुलांचे मोर. फुलवालीने काटा तसाच धरून मान वळवली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आटलां बधां फूल, ने एकेय भगवानने नहीं?" एवढी सगळी फुलं, आणि देवाला एकही नाही?

अहमदाबादचं काही निघालं की बडोदेकराला जरा टोचतंच. २०१३ पासून भरवतात, २०२४ साली चारशे मीटर लांब फुलभिंत उभारून गिनेसमध्येही गेले. आणि मग माझी जुनी जखम निघते. बंगळूरच्या लालबागेत २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला फुलं बघायला एवढी माणसं लोटतात ना, त्या बागेला वळण लावणारा क्रुम्बिगेल हा जर्मन माणूस आधी आपल्याकडे होता! सयाजीरावांच्या बागांवर. पुढे म्हैसूरवाल्यांनी नेला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे ऐकवतो, आणि मी 'क्रुम्' म्हटलं की बायको चहाचे कप उचलायला लागते.

बागा दाखवून माणसं आणायची हा आता रीतसर धंदा आहे. श्रीनगरला २००७ मध्ये ट्यूलिपची बाग खुली झाली आणि पर्यटकांचा हंगाम मार्चअखेरीवर आला. हॉलंडात क्यूकेनहॉफला दर वर्षी सत्तर लाख कंद हाताने लावतात, आणि बाग उघडी किती, तर जेमतेम आठ आठवडे. भाची तिकडे जाऊन आली. फोटो दाखवून दाखवून तिचं बोट दुखायला लागलं तेव्हा मी विचारलं, "वास कसा होता गं?"

"मामा, ट्यूलिपला कुठला वास! हायसिंथला होता, पण त्याने डोकं चढलं."

वास नाही ते फूल मला पानासारखंच वाटतं. हा हट्ट आजीचा. दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात भाद्रपद-आश्विनात ती रात्रीच पारिजातकाखाली जुनं धोतर अंथरून ठेवायची. पहाटे आम्हा भावंडांना उठवून चारी कोपरे धरायला लावायची. धोतर ओलं, गार, मधे पांढऱ्या फुलांचा झोका. एखादं फूल बाहेर पडलेलं दिसलं की "पाय, पाय!" म्हणून ओरडायची. देठांचा केशरी रंग बोटांवर शाळेपर्यंत टिके. आठ वाजता देवघरातली फुलं मलूल झालेली असत.

तिला एकदा कमाटीबागेत फुलांचं घड्याळ दाखवायला नेलं. यंत्र जमिनीखाली, वर झाडांची तबकडी आणि तिच्यावर फिरणारे काटे. बाबांनी मोठ्या कौतुकाने मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी लावून घेतलं. आजी कठड्याला टेकून बघत राहिली. म्हणाली, "फुलांना कशाला रे कामाला लावलंत? त्यांना त्यांची वेळ कळते तेवढी पुरे."

मार्केटातून घरी येईपर्यंत मी बडोद्याचं प्रदर्शन मनात भरवून टाकलं होतं. फक्त पारिजातक. धोतरं आपली, चहा आपला, नंतर शेव-उसळ. पण पाहुण्यांना पहाटे साडेपाचला आणायचं कोणी? मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले तर उतरतील तेव्हा झाडाखाली सडा असेल, फोटो काढेपर्यंत माना टाकलेल्या. आणि पाऊस लागला तर चिखलच. पैसे परत मागतील लोक.

घरी बायकोने झेंडूची पुडी हातात तोलून बघितली. "पाव किलो? हा?" मग म्हणाली, "शनिवारी अहमदाबादला जाऊ या का? सगळे जातायत."

सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. खिडकी मिळाली.