मग मच्छरदानी नाही लागत का जी?

उत्क्रांतीचे अभ्यासक आणि दवाखान्यातली मंडळी यांना एका टेबलाशी बसवणं, ही माझी नोकरी. निम्मा वेळ तारखा जुळवण्यात जातो, उरलेला रुसवे काढण्यात.

त्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलवर, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजारावर, बैठक होती. पुण्याहून आलेले प्राध्यापक रंगात आले होते. थॅलेसेमिया (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि मलेरिया यांच्या नात्याबद्दल शास्त्रज्ञ हॉल्डेननं १९४९ साली बांधलेला अंदाज, मग १९५४ मध्ये ॲलिसन या संशोधकानं पूर्व आफ्रिकेत दाखवलेला सिकलसेलचा मलेरियाशी संबंध... हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, बस, बदल एवढाच. पण मलेरियाच्या मुलखात तो टिकला, कारण त्याचा ‘फायदा’ होता.

फायदा म्हटल्यावर डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. “सर, हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडलेलं पोर वॉर्डात आहे. त्याच्या आईला सांगाल का हे?”

मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आशाताई म्हणाल्या, “मग सिकलच्या पोराले मच्छरदानी नाही लागत का जी?”

प्राध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खुर्चीतून उठून ते थेट ताईंपाशी गेले. “लागते ताई! त्यालाच आधी लागते. संरक्षण मिळतं ते वाहकाला, म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेल्याला. तेही मुख्यतः फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जंतूच्या गंभीर आजारापासून. ताप त्यालाही येतो. दोन्हींकडून आलं असेल, त्या पोराचा मलेरियानं जीव जाऊ शकतो.”

ताईंनी वहीत लिहून घेतलं. मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

मग आतापर्यंत गप्प असलेल्या लॅब टेक्निशियननं सिकलच्या रक्तचाचणीच्या दोन नळ्या रेघांच्या कागदापुढे धरल्या. दोन्ही गढूळ, मागची एकही रेघ दिसेना. “सर, यातला वाहक कोणता?”

प्राध्यापकांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. सांगता येईना. येणारच नव्हतं! ही सोल्युबिलिटी टेस्ट वाहकाचीही गढूळ, रुग्णाचीही. वेगळं काढायला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्यानं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, लागतं. आणि आदल्या आठवड्यात मीच मॅडमना मेल केली होती: ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, म्हणजे वाहकांचे आकडे पाठवा.’ जोडणारा मी, आणि हे मलाच ठाऊक नव्हतं.

“आकडे देते,” मॅडम म्हणाल्या, “पण इलेक्ट्रोफोरेसिस झालेलेच. आणि सर, आधी वॉर्डात चला.”

दोघं गेले. माझा चहा तोवर गार झाला होता.