टूमा आणि तोमा: एकाच लेखनाखालची दोन नावे

रोमन लिपीत टी, ओ, ओ, एम, ए ही पाच अक्षरे ओळीने लिहिली, तर आयर्लंडच्या ग्रामीण भागातील माणूस ते गावाकडच्या जमिनीचे नाव म्हणून वाचेल आणि ओकिनावातील माणूस ते आडनाव म्हणून वाचू शकेल. पहिल्याच्या तोंडी त्याचा उच्चार ‘टूमा’ होईल, दुसऱ्याच्या तोंडी लांब ओकाराचा ‘तोमा’. देवनागरीत ही दोन नावे शेजारी ठेवली, तर ‘मा’ सोडून त्यांच्यात काहीच समान उरत नाही. साम्य आहे ते केवळ लेखनात, कारण जोड ‘ओ’ इंग्रजी वाचनात ‘ऊ’ होतो आणि जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या एका पद्धतीत तोच जोड ‘ओ’ दीर्घ ओकार दाखवतो. नावांचे कोश आणि वंशावळींच्या याद्या वाचण्याचा मला छंद आहे. अशा याद्यांमध्ये ही दोन नावे सख्खी भावंडे असल्यासारखी एकाखाली एक येतात. ती भावंडे नाहीत. मात्र ती कागदावर कशी आली, याच्या हकिकती इतक्या जवळच्या आहेत की त्या एकत्र सांगाव्यात असे मला मनापासून वाटते.

आधी आयर्लंड. तिथल्या ग्रामीण भूगोलाचा सर्वांत लहान घटक म्हणजे टाउनलँड. नावात ‘टाउन’ असले तरी त्याचा शहराशी काही संबंध नाही. काही शेते, एखादे दलदलीचे रान, दोन-चार घरे किंवा एकही घर नाही, एवढाच त्याचा विस्तार असू शकतो. संपूर्ण बेटावर अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत, त्यांतील बहुतेकांच्या सीमा शेकडो वर्षांच्या आहेत आणि नावे प्रामुख्याने आयरिश भाषेतील आहेत. ‘तुअम’ हा जुना आयरिश शब्द टेकाडासाठी, विशेषतः समाधीच्या टेकाडासाठी वापरला जात असे. गॉलवे काउंटीतील टुअम हे शहर आणि लॉख नेय या सरोवरातून बॅन नदी बाहेर पडते तिथले टूम हे गाव, या दोन्ही नावांत तो शब्द आहे. टूमा या नावातही तोच ऐकू येतो. आयरिश भाषेतील हा ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, इंग्रजीत गेल्यावर त्याचा ‘ट’ झाला. रोमन लेखनात हा बदल दिसत नाही, पण मराठी वाचकाला तो लगेच जाणवेल.

ही नावे आजच्या रूपात स्थिर केली ती ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारच्या नकाशे तयार करणाऱ्या खात्याने. 1824 साली टॉमस कोल्बी या लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली आयर्लंडची मोजणी सुरू झाली आणि मैलाला सहा इंच या प्रमाणाचे संपूर्ण देशाचे नकाशे 1846 पर्यंत तयार झाले. हेतू कर-आकारणीचा होता: जमिनीवरचा स्थानिक कर न्याय्य रीतीने बसवायचा तर प्रत्येक टाउनलँडची सीमा आणि क्षेत्रफळ ठाऊक असायला हवे. (याच मोजणीसाठी कोल्बीने तापमानाने लांबी न बदलणारे धातूचे दंड तयार करवले होते. जॉर्ज एव्हरेस्टने आयर्लंडमध्ये ते काम पाहिले आणि 1830 साली तसे दंड तो भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी घेऊन आला.) पण सीमा आखली की नावही लिहावे लागते, आणि एकाच टाउनलँडचे नाव जमीनदाराच्या खतात एक, चर्चच्या नोंदीत दुसरे आणि जुन्या नकाशात तिसरे, अशी स्थिती होती.

इथे जॉन ओडोनोव्हन या विद्वानाचे काम सुरू होते. 1806 साली किल्केनी काउंटीत जन्मलेला हा माणूस 1830 मध्ये सर्वेक्षणाच्या सेवेत आला आणि पुढची काही वर्षे काउंटीमागून काउंटी पालथी घालत राहिला. गावातील म्हाताऱ्या आयरिशभाषकांकडून नावाचा उच्चार ऐकायचा, जुन्या हस्तलिखितांशी तो ताडून पाहायचा, मूळ आयरिश रूप नोंदवायचे आणि मग नकाशासाठी इंग्रजी लेखन सुचवायचे, अशी त्याची रीत होती. सर्वेक्षणाच्या नाम-वह्यांत ही सर्व रूपे एकाखाली एक लिहिलेली सापडतात. सर्वेक्षणाने आयरिश नावांची मोडतोड केली हा आरोप खोटा नाही, कारण नकाशावर शेवटी इंग्रजी वाचकाच्या जिभेला सोयीचे रूपच छापले गेले. तरीही पुढच्या काळात दुष्काळ आणि स्थलांतर यांमुळे अनेक भागांतून आयरिश बोलणारेच नाहीसे झाले आणि मूळ नावांकडे परत जाण्याचा रस्ता ओडोनोव्हनच्या वह्यांतूनच उरला. ज्या कार्यालयाने नाव बदलले त्याच्याच दप्तरात ते जपलेही गेले. म्हणूनच या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता र्युक्यू. जपान आणि तैवान यांच्या दरम्यानच्या या बेटांवर 1429 पासून एकसंध राज्य होते; ओकिनावा हे त्यांतील सर्वांत मोठे बेट. तिथल्या सरदार-वर्गाची घराण्याची नावे जहागिरीच्या गावावरून पडत. आपल्याकडच्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावांची इथे आठवण होईल, पण फरक असा की तिथे जहागीर बदलली की नावही बदलत असे, त्यामुळे बाप आणि मुलगा वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणे ही असाधारण गोष्ट नव्हती. याशिवाय चीनशी व्यवहारासाठी प्रतिष्ठितांना वेगळे चिनी धर्तीचे नाव असे. सतराव्या शतकात राज्याची घडी नव्याने बसवणारा हानेजी चोशू चिनी पद्धतीच्या दप्तरात ‘शो शोकेन’ म्हणून येतो. माणूस एकच, लेखन कोणासाठी आहे त्यावर नाव ठरत होते.

तोमा हे नावही असेच जमिनीतून आलेले आहे. नाहा शहराच्या ओरोकू भागात आणि नाकागुसुकू गावात तोमा नावाच्या वस्त्या आहेत. 1956 ते 1959 या काळात, अमेरिकी अमलाखालच्या र्युक्यू सरकारचे मुख्य प्रशासक असलेले तोमा जूगो हे या आडनावाचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध गृहस्थ. चित्रलिपीत हे आडनाव एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते आणि त्यांतील पहिल्या चिन्हाचे जुने व सोपे केलेले अशी दोन रूपे असल्याने प्रकार आणखी वाढतात. रोमन लिपीत मात्र हे सगळे एकाच सपाट रूपात मिसळून जाते.

र्युक्यूच्या नावांवर सत्तेचा हात एकदाच पडला नाही. 1609 साली दक्षिण जपानातील सात्सुमा या जहागिरीच्या शिमाझू घराण्याने हे राज्य जिंकले आणि 1624 मध्ये जपानी वाटणारी आडनावे वापरू नयेत असा आदेश निघाला. उच्चार तोच ठेवून वेगळी चिन्हे घेण्याची पाळी अनेक घराण्यांवर आली. कराटेचा प्रसार करणारे फुनाकोशी गिचिन यांचे घराणे आपले नाव ज्या तीन चिन्हांनी लिहीत असे ती याच पद्धतीची होती. पुढे जपानच्या मुख्य भूमीवर त्यांनी दोन चिन्हांचे रूढ जपानी लेखन स्वीकारले. 1879 मध्ये राज्य खालसा होऊन ओकिनावा हा जपानचा प्रांत झाल्यावर वारे अगदी उलटे वाहू लागले. आता र्युक्यू वाटणारी नावे अडचणीची ठरली. ‘कानागुसुकू’चे किंजो झाले, ‘उफुगुसुकू’चे ओशिरो झाले. चिन्हे तीच राहिली, फक्त त्यांचे वाचन बदलले. ‘गुसुकू’ म्हणजे र्युक्यूचा किल्ला. त्याचा उच्चार आडनावांतून असा पुसला गेला, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटते. 1945 च्या लढाईत तर ओकिनावा बेटावरील कुटुंबनोंदींची पुस्तकेच नष्ट झाली आणि युद्धानंतर हयात माणसांच्या जबानीवरून ती नव्याने उभी करावी लागली.

विसाव्या शतकात आयर्लंडच्या नावांवरही पुन्हा संकट आले. उत्तर आयर्लंडमध्ये 1970 च्या दशकात टपाल खात्याने रस्त्यांची नावे आणि घरक्रमांक लागू केले आणि पत्त्यातून टाउनलँड गळू लागले. फर्मॅना काउंटीतील लोकांनी त्याविरुद्ध नेटाने लढा दिला आणि तिथे टाउनलँडची नावे पत्त्यांत टिकली. दक्षिणेकडे प्रजासत्ताकात 2015 मध्ये प्रत्येक घराला स्वतंत्र संकेतांक मिळाला, कारण खेड्यांत एकाच टाउनलँडमधील कित्येक घरांचा पत्ता शब्दशः सारखाच असे. पोस्टमनला माणसे ओळखता येत असल्याने पत्रे तरीही पोहोचत होती.

तेव्हा पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कोणाला ही पाच अक्षरे एखाद्या जहाजाच्या यादीत सापडली, तर त्याने लेखनावर विसंबू नये. आयर्लंडचा माग असेल तर काउंटी, तिचा जुना उपविभाग म्हणजे बॅरनी आणि अनेक टाउनलँड मिळून होणारी सिव्हिल पॅरिश हे तीन थर आधी शोधावेत, मग नाम-वही उघडावी. ओकिनावाचा असेल तर चित्रलिपीतील चिन्हे मिळवावीत आणि त्याहूनही आधी घराचे नाव, म्हणजे ‘यागो’, विचारावे, कारण एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या गावांत शेजारी एकमेकांना ओळखतात ते या घरनावांनीच.