कडधान्य आणि पालेभाजीचे दाट सूप: शिजवण्याच्या पाण्याविषयी थोडे सविस्तर

कडधान्य आणि पालेभाजी घालून केलेल्या जाडसर सूपच्या अनेक पाककृतींत सुरुवातीलाच सांगितलेले असते की, भाज्यांचा किंवा चिकनचा स्टॉक घ्यावा आणि डब्यातले शिजवलेले बीन्स निथळून, धुऊन त्यात घालावेत. हे मला मुळातच पटत नाही. सुके कडधान्य घरी शिजवले, तर ज्या पाण्यात ते शिजते तेच पाणी या सूपचा स्टॉक असते. त्यात दाण्यातून उतरलेला स्टार्च असतो, विरघळलेली प्रथिने असतात, आणि तासभर मंद आचेवर मुरलेल्या लसणाचा व तमालपत्राचा स्वाद असतो. हे पाणी मोरीत ओतून द्यायचे आणि मग सूप पातळ झाले म्हणून त्यात मैदा किंवा क्रीम कालवायचे, यात काहीच अर्थ नाही. त्यामुळे या लेखात मी सर्वांत जास्त जागा कडधान्य शिजवण्याला देणार आहे. ते नीट साधले की बाकीचे काम सोपे असते.

चार ते सहा माणसांना पोटभर होईल इतक्या सूपसाठी 250 ग्रॅम सुके कडधान्य पुरते. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीच्याही थोडे वर जाते. माझी पहिली पसंती पांढऱ्या राजम्याला आहे, कारण त्याची साल पातळ असते, गर मऊसूत शिजतो आणि पाण्याला छान दाटपणा येतो. काबुली चणे घेतले तर दाणा अधिक टणक राहतो व सूप काहीसे पातळ होते. चवळी लवकर शिजते, पण तिचा मातकट स्वाद पुढे येतो, जो मला स्वतःला आवडतो. लाल राजम्याने सूपचा रंग गडद होतो. दोन-तीन प्रकार एकत्र करण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येकाला शिजायला वेगळा वेळ लागतो आणि एक जात विरघळून जाईपर्यंत दुसरी दाताखाली कचकचत राहते. मिश्रणच हवे असेल, तर प्रत्येक कडधान्य वेगळे शिजवावे. कोणतेही घ्या, पण ते फार जुने नसावे. उष्ण आणि दमट जागी बराच काळ राहिलेल्या दाण्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट धरून बसतात की, दोन-दोन तास उकळूनही ते मऊ होत नाहीत.

कडधान्य निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालावे, आणि हे मी आग्रहाने सांगतो. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज फार पसरलेला आहे, पण भिजवताना घातलेले मीठ नेमके उलटे काम करते. दाण्याच्या सालीतले पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कणांनी बांधलेले असते; मिठातले सोडियम त्यांची जागा घेते आणि ही बांधणी सैल होते. त्यामुळे साल न फाटता मऊ होते आणि दाणा आतपर्यंत सारखा शिजतो. एक लिटर पाण्याला साधारण 15 ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट मोठा चमचा, हे प्रमाण ठीक आहे. हवा गरम असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर सकाळपर्यंत पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो.

भिजवलेले हे पाणी मात्र टाकून द्यायचे. मी जे पाणी जपायला सांगतो आहे ते शिजवण्याचे, भिजवण्याचे नव्हे. भिजवण्याच्या पाण्यात रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांचा काही भाग उतरलेला असतो. या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि त्यातून पोटात वायू धरतो. पाणी टाकल्याने हा त्रास पूर्ण जात नाही, पण कमी होतो. शिवाय या पाण्याला चवही नसते, त्यामुळे त्याची हळहळ वाटायचे कारण नाही.

आता दाणे एकदा स्वच्छ धुऊन जाड बुडाच्या, खोलगट पातेल्यात घ्यावेत आणि त्यावर दीड लिटर ताजे पाणी घालावे. सोबत लसणाच्या चार-पाच ठेचलेल्या पाकळ्या, एक-दोन तमालपत्रे, अर्धा कांदा, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मोठ्या आचेवर पाण्याला खळखळून उकळी आणावी आणि राजम्याचा कोणताही प्रकार असेल तर किमान 10 मिनिटे ती उकळी तशीच जोरात चालू ठेवावी. या 10 मिनिटांत तडजोड करू नये. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असते आणि अर्धवट शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या व जुलाब सुरू करायला पुरेसे ठरतात. पुरत्या उकळीच्या तापमानाला ते नष्ट होते, त्याहून कमी तापमानाला मात्र तग धरून राहते. म्हणूनच कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालणे धोक्याचे आहे. आधी गॅसवर उकळून घेतल्यावर मगच तो त्यात घालावा. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचे तापमान 100 अंशांच्या वर जात असल्याने ही काळजी उरत नाही.

पहिल्या उकळीनंतर वर आलेला करडा फेस डावाने काढून टाकावा, आच कमी करावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतक्याच उष्णतेवर भांडे ठेवावे. झाकण किंचित कलते असावे. जोरात उकळत ठेवलेले दाणे एकमेकांवर आपटून फुटतात, साली सुट्या होतात आणि पाण्यात गाळ दिसू लागतो. भिजवलेला पांढरा राजमा साधारण तासाभरात होतो, पण घड्याळावर विसंबू नये. पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतून पाच-सहा दाणे काढून एका बशीत घ्यावेत. त्यांवर हलकेच फुंकर मारली की शिजलेल्या दाण्याची साल लगेच सुरकुतते आणि कडेने उलगडते. मग एक दाणा सुरीने मधोमध कापून पाहावा: आतला गर कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा, ओलसर आणि किंचित पारदर्शक दिसला पाहिजे. मध्ये खडूसारखा पांढरा, कोरडा ठिपका असेल तर अजून वेळ आहे. सगळेच दाणे या परीक्षेत उतरले पाहिजेत, कारण चार बोटचेपे दाणे आणि पाचवा गणंग, असे सूप खाताना जेवणाचा सगळा आनंद निघून जातो.

दाणे तासाभरात मऊ होण्याची चिन्हे दिसली नाहीत, तर कडधान्य जुने आहे किंवा पाणी जड आहे असे समजावे. जड पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनला पुन्हा घट्ट बांधते. अशा वेळी पाव चमचा खाण्याचा सोडा घालता येतो, पण त्याहून जास्त नको. सोड्याने चव साबणासारखी होते आणि कडधान्यातले थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, नष्ट होतो. याच्या उलट काम आंबट पदार्थ करतात. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, वाइन यांपैकी काहीही दाणे पूर्ण शिजण्याआधी पातेल्यात जाता कामा नये. आम्लामुळे पेशींच्या भिंती विरघळत नाहीत आणि दाणा आहे त्याच अवस्थेत अडून राहतो.

दाणे शिजत असताना दुसऱ्या भांड्यात भाज्यांचा पाया तयार होतो. एक मोठा कांदा, दोन गाजरे आणि सेलरीचे दोन देठ अगदी बारीक चिरून तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेलात, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर परतावेत. मीठ भाज्यांतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे सुरुवातीला त्या स्वतःच्याच रसात शिजतात आणि मग हळूहळू तेलात उतरतात. याला 15 ते 20 मिनिटे लागतात. घाईने मोठ्या आचेवर परतलेला कांदा कडेने करपतो आणि आतून उग्र राहतो. भाज्या मऊ होऊन त्यांना गोडूस वास सुटला की बारीक चिरलेला लसूण, थोडी कुटलेली लाल मिरची आणि दोन चिरलेले टोमॅटो घालावेत. टोमॅटोचे पाणी आटून कडेने तेल सुटेपर्यंत परतणे चालू ठेवावे. टोमॅटोत ग्लुटामेट, म्हणजे मांसासारखी भरीव चव देणारे द्रव्य, मुळातच भरपूर असते आणि पाणी आटले की ते एकवटते. मांस किंवा स्टॉक न घालताही सूपला खोली येते ती इथूनच.

आता दोन्ही भांडी एक करायची. तमालपत्रे आणि कांद्याचा तुकडा काढून टाकावा, परतलेला मसाला दाण्यांच्या पातेल्यात घालावा आणि त्यातले दोन-तीन डाव दाणे पाण्यासकट बाजूला काढून नीट घोटून पुन्हा परत घालावेत. मिक्सरही चालतो, पण मला हाताने घोटलेलेच आवडते. मिक्सरमधून काढलेला लगदा चिकट होतो आणि सूपला एकसुरी गुळगुळीतपणा येतो. हाताने घोटल्यावर काही दाणे अर्धे, काही पाव, काही पूर्ण असे राहतात, आणि जाडसर सूपचे सगळे सुख याच असमानतेत आहे. या टप्प्यावर चमचा उभा राहील इतके घट्ट सूप करू नये; पालेभाजी पाणी सोडते हे खरे, पण दाण्यातला स्टार्च थंड होताना त्याहून जास्त पाणी धरून ठेवतो.

पालेभाजी साधारण 300 ग्रॅम घ्यावी. चिरल्यावर तो ढीग पातेल्यात मावणार नाही असे वाटते, पण दोन मिनिटांत तो बसतो. कोणती भाजी घेतली आहे यावर ती कधी घालायची ते ठरते, आणि सर्वांत जास्त सूप बिघडतात ती इथे. केल किंवा कोबीच्या जातीची जाड पाने घेतली असतील, तर मधला दांडा काढून तो बारीक चिरून आधी घालावा, पाच मिनिटांनी पाने घालावीत आणि सगळे मिळून 20 मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. स्विस चार्ड किंवा बीटची पाने 8 ते 10 मिनिटांत होतात. पालक मात्र वाढण्याच्या अगदी तोंडावर घालावा. दोन मिनिटे त्याला पुरतात. पालकात ऑक्सॅलिक आम्ल बरेच असते, ज्यामुळे तो खाल्ल्यावर दात कोरडे व खरखरीत लागतात. हे नको असेल, तर वेगळ्या उकळत्या पाण्यात तो मिनिटभर बुडवून, पिळून मग सूपमध्ये घालावा. या भाज्यांत हे एकच पाणी मी टाकून देतो.

रंगाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि पाने हिरवीगार राहण्याऐवजी शेवाळी होतात. पाच-सात मिनिटांपुढे शिजवले की हे होणारच. रंग टिकवण्यासाठी म्हणून केल कच्चट ठेवणे मला मान्य नाही. जाड पानांचा कडवटपणा आणि चिवटपणा सावकाश शिजण्यानेच जातो, त्यांचा रस दाण्यांच्या पाण्यात मिसळतो, आणि जे सूप दिसायला मळकट असते ते चवीला कितीतरी सरस असते. ज्यांना हिरवा रंग हवाच आहे त्यांनी मूठभर पाने बारीक चिरून वाढताना वरून घालावीत.

चवीची शेवटची जुळवाजुळव आच बंद केल्यावर करावी. आधी मीठ पाहावे, कारण स्टार्चमुळे खारटपणा दबतो आणि असे सूप अपेक्षेपेक्षा जास्त मीठ मागते. मग अर्ध्या लिंबाचा रस घालावा. तो नुसता चवीपुरता नाही: कडधान्यातले आणि पालेभाजीतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही आणि क जीवनसत्त्व सोबत असले की त्याचे शोषण वाढते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्यामुळे लिंबू शेवटीच पिळायचे. वर ताजी मिरपूड आणि कच्च्या ऑलिव्ह तेलाची एक धार. सोबत जाड सालीचा पाव असला तर उत्तम, कारण प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन कडधान्यात भरपूर व मेथिओनिन कमी असते आणि गव्हात नेमके उलटे असते, त्यामुळे प्रथिनांच्या बाबतीत दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात.

हे सूप दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते, तेव्हा मुद्दाम जास्त करायला हरकत नाही. मात्र भरलेले पातेले तसेच ओट्यावर रात्रभर ठेवू नये. इतके दाट सूप मधून फार सावकाश निवते आणि त्या कोमट अवस्थेत जिवाणू झपाट्याने वाढतात. पसरट, उथळ भांड्यांत काढून, वाफ जिरली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावे. तिथे ते तीन-चार दिवस राहते. गरम करताना थोडे पाणी घालून बुडाशी लागू न देता सावकाश ढवळावे, पुन्हा पुरती उकळी आणावी आणि लिंबू त्या दिवसापुरते नव्याने पिळावे. फ्रीझरमध्ये ठेवायचे असेल, तर पालेभाजी घालण्याआधीच त्यातला वाटा काढून ठेवावा, म्हणजे महिन्याभराने बाहेर काढल्यावर फक्त ताजी पाने चिरायची असतात.