जपानमध्ये जुनी गाडी घेताना: तो ४.५ येतो कुठून?

जपानमध्ये जुनी गाडी शोधायला बसलं की बऱ्याच गाड्यांच्या माहितीत गाडीच्या अवस्थेचा दर्जा सांगणारा एक आकडा दिसतो: ५, ४.५, ४, ३.५, कधी नुसताच ‘आर’. जपानी जेमतेम वाचता येत असेल तर माणूस साहजिकच त्या आकड्यालाच धरून बसतो. आम्ही साइतामात राहायला आलो, आई-बाबा तीन महिन्यांसाठी यायचे होते, म्हणून सरकत्या दारांची होंडा फ्रीड बघायला लागलो. तेव्हा मी ठरवलं की आधी हा आकडा नीट समजून घ्यायचा, मग दुकानाची पायरी चढायची.

हा आकडा विकणारा दुकानदार ठरवत नाही. इथल्या जुन्या गाड्यांचा मोठा हिस्सा लिलावातून फिरतो, आणि यूएसएससारख्या लिलावघरात फक्त सभासद व्यापाऱ्यांनाच बोली लावता येते. व्यापारी दिवसभरात ढीगभर गाड्यांवर बोली लावतो, प्रत्येक गाडी वाकून बघणं त्याला शक्य नसतं. म्हणून लिलावघराचा तपासनीस गाडी तपासून एक तक्ता भरतो. तो तक्ता सहसा गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. आपल्याला मिळतं ते एआयएससारख्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, आणि त्याची रीत बरीचशी तशीच असते. असं प्रमाणपत्र नसलेली गाडी मी बघायलाच गेलो नाही.

आता आकडा. कुणालाही वाटेल की गुणांची बेरीज करून तो काढत असतील. मला जे समजलं त्यावरून तो एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून खाली येतो. पहिली चाळणी सांगाड्याची. खांब, फ्लोअर, छत, चेसिसचे आडवे-उभे मेंबर यांपैकी काही अपघातानंतर दुरुस्त केलं किंवा बदललं असेल, तर गाडी ‘दुरुस्तीचा इतिहास असलेली’ ठरते आणि थेट ‘आर’मध्ये जाते, मग वरून ती कितीही चकचकीत असो. बोल्टने बसवलेले भाग, म्हणजे दार, बंपर, बॉनेट, बदलले तरी त्याला दुरुस्तीचा इतिहास म्हणत नाहीत. दुसरी चाळणी वय आणि किलोमीटरची. ‘एस’ हा सर्वांत वरचा दर्जा जेमतेम वर्षभराच्या गाडीचा. ४.५ साठी साधारण १ लाख किलोमीटरची मर्यादा, ४ साठी दीड लाखाची. नियम जागोजागी थोडे वेगळे आहेत, पण घडण हीच. या दोन्हींतून पार झाल्यावर मग पत्रा, रंग आणि आतली अवस्था बघतात.

याचा परिणाम असा की १ लाख ८ हजार किलोमीटर चाललेली, अंगावर एक ओरखडा नसलेली गाडी ४ वर थांबते. चाळीस हजार चाललेली, पण दारं घासलेली गाडीसुद्धा ४ वरच येते. आकडा एकच, पण पुढच्या पाच वर्षांत खिशावर पडणारा भार सारखा कसा असेल? म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, आकड्यावरून नजर काढा आणि प्रमाणपत्रावर खाली असलेल्या गाडीच्या चित्राकडे बघा.

त्या चित्रावर अक्षरं आणि अंक मांडलेले असतात. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे रंगकाम केल्याची खूण, ‘एस’ म्हणजे इथे दर्जा नव्हे तर गंज, दोन ‘एक्स’ म्हणजे बदललेला भाग. पुढचा अंक वाढला की दोष मोठा. आमच्यासमोर शेवटी दोन फ्रीड उरल्या. एक ४.५ ची, चित्र जवळजवळ कोरं. पण शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गाडीच्या खालच्या बाजूला गंज आहे. सर्व्हिसच्या वहीत निइगाता या बर्फाळ भागातल्या गॅरेजचे शिक्के होते. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाशी चिकटून लोखंड खातं. दुकानातल्या गृहस्थांनी न मागता गाडी लिफ्टवर चढवून दाखवली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला. सायलेन्सरचे जोड आणि सस्पेन्शनचे बोल्ट तांबूस झाले होते. दुसरी ४ ची, चिबा भागातली. डाव्या सरकत्या दारावर ए१, मागच्या बंपरवर यू१, खाली कोरडी आणि काळी.

दोष पैशांत मोजायची इथे आणखी एक रीत आहे, आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटली. जपानच्या वाहन मूल्यांकन संस्थेच्या हिशेबात प्रत्येक दोषाला वजा गुण असतात आणि एक गुण म्हणजे मुळात १,००० येन, त्यावर गाडीच्या वर्गानुसार गुणक. एक सेंटिमीटरपेक्षा लहान ओरखडा सोडून देतात, त्याहून मोठा पण एटीएम कार्डाच्या आत असेल तर १० गुण वजा. चिबाच्या गाडीच्या दारावरचा ओरखडा कार्डापेक्षा लहानच होता. म्हणजे दहा हजार येनच्या आसपासची गोष्ट. गंजाचा खर्च मात्र कुठे थांबेल ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही चिबाची घेतली.

आकड्यात न येणाऱ्या गोष्टी मी स्वतः तपासल्या. टायरच्या कडेवरचे चार अंक, आठवडा आणि वर्ष. सरकत्या दारांच्या मोटारी, पुन्हा पुन्हा उघडझाप करून. आणि ‘शाकेन’, म्हणजे इथली सक्तीची तपासणी, किती महिने उरली आहे. नव्या गाडीला ती तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी येते आणि चांगलाच खर्च काढते. शाकेनच्या कागदपत्रांत आधीच्या तपासणीच्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. ते मीटरशी ताडून बघा. ऑक्टोबर २०२३ पासून दुकानांना नोंदणीखर्चासकट एकूण किंमत दाखवावी लागते, त्यामुळे शेवटच्या क्षणी बिल फुगत नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर सहीच्या जागी वापरायचा नगरपालिकेत नोंदवलेला शिक्का, त्याचा दाखला आणि पोलीस ठाण्याकडून पार्किंगचं प्रमाणपत्र लागतं. पार्किंग घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवं. पार्किंगचं प्रमाणपत्र मिळायला काही दिवस जातात, म्हणून गाडी पसंत पडायच्या आधीच पार्किंगची जागा भाड्याने बघून ठेवा.