तांबडीचा पाय

श्रावणाचा दुसरा आठवडा. सकाळपासून पावसाची धार तुटलेली नाही.

बाकीच्या तिघी पोरसात, म्हणजे परसबागेत पोचून गांडुळं उकरू लागल्या, तरी तांबडी कोंबडी खुराड्याच्या दारातच एका पायावर उभी. पंधरा दिवस मी हे पाहत होते आणि मनाशी म्हणत होते, म्हातारी झाली, दुसरं काय.

तिच्या पायाच्या नळीवरचे खवले उचलले गेले होते, मध्ये चुन्यासारखी पांढरी खपली. मग एक दिवस काळीच्या बोटांवरही तेच दिसलं आणि काळी तर वर्षाचीसुद्धा नाही. म्हातारपणाचं कारण तिथेच संपलं.

सासूबाई म्हणाल्या, "खरूज गो ती. रॉकेलात पाय बुडव, जाते." पूर्वी घरोघरी तेच करत. पण रॉकेलाने कातडी भाजते, म्हणून बाटली मी मागच्या पडवीत लपवून ठेवली आणि तांबडीला पिशवीत घालून वाळपईला गुरांच्या दवाखान्यात नेली.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय पाहताच सांगितलं, माइट आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक किडा. खवल्यांखाली बीळ करून राहतो, सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच काढतो. रात्री दांडीवर खेटून बसल्या की एकीचा दुसरीला लागतो. म्हणजे औषध एकीला नाही, चौघींना.

आता दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी हाच कार्यक्रम. अंधार पडला की त्या गप्प असतात. एकेकीला जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, जुन्या दात घासायच्या ब्रशने खवल्यांच्या दिशेने हलकेच घासायचं. खपली ओढायची नाही, रक्त येतं. मग कोरडं करून व्हॅसलीनचा जाड थर, त्याखाली किडा गुदमरतो. पहिल्या दिवशी मी खोबरेल लावलं होतं, ते ओघळून पिसांना लागलं आणि पहाटे खुराड्यात मुंग्यांची रांग! हे सगळं काही आठवडे चालणार. पाय मात्र दिसायला आणखी बरेच दिवस तसेच राहतील.

पण तांबडीचं लंगडणं माइटचं नव्हतंच. डॉक्टरांनी पंजा उलटा केला, तर तळव्याला सूज आणि मधोमध काळी गोल खपली. जखमेतून जंतू शिरून आत पू धरलेला. मी इतके दिवस पंजा उलटा करून पाहिलाच नव्हता.

त्यांनी विचारलं, "बसायची दांडी कसली?"

कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत पडलेली पोफळ चिरून मीच लावलेली. घरी येऊन तिच्या कडेवरून हात फिरवला, तर माझ्याच बोटात कुसळ. आणि उंचीही माझ्या छातीएवढी. तांबडी जड, रोज पहाटे तिथून सरळ चिऱ्यांच्या जमिनीवर उडी. म्हातारपणाला दोष देत होते मी!

पू डॉक्टरांनीच काढला, घरी चिरायचं नाही म्हणाले. आता रोज कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवायचा, पुसून बेटाडीन, वर गॉज आणि पट्टी. शिवाय गोळ्या, आणि सांगितलेल्या तारखेपर्यंत अंडी खायची नाहीत. यावर सासूबाई म्हणाल्या, "श्रावणात तशी पण कोण खातंय?"

दुपारी नवऱ्याने एक रुंद फळी कडा घासून गुळगुळीत केली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली. खाली भुसा अंथरला, सुका मिळेपर्यंत तीन घरं फिरावं लागलं. संध्याकाळी चौघीही त्या फळीच्या एकाच टोकाला जाऊन बसल्या, व्हॅसलीन एकमेकींच्या पिसांना पुसत. माइट पसरायला याहून सोयीची बैठक नाही. काळीला मी दोनदा दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. दोन्ही वेळा ती परत तांबडीला खेटून बसली.