गाईच्या गळ्यातलं सिम

‘सिम कुणाला हवंय?’

‘गाईला.’

काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि आतल्या साहेबांना हाक मारली. खरं बोललो, तिथेच माझं चुकलं.

आमचं गाव अकोले तालुक्यात, डांगाणात, म्हणजे डोंगरपट्ट्यात. पावसाळ्यात डांगी गुरं रानात सोडली की एखादी दोन-दोन दिवस परतत नाही. मग आबा बॅटरी घेऊन घळी पालथ्या घालतात. धो धो पावसात गळ्यातली घाटी ऐकू येत नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या आमच्याच जिल्ह्यातला. २००९ मध्ये त्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेजला सोडलं, तर गडी चालत पार मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. तसले पट्टे लाखाच्या घरात. मी वायरमन माणूस. गाईचं ठिकाण मोबाइलवर कळवणारा टूजी ट्रॅकर, दोन सेल, एक घट्ट झाकणाची डबी, नायलॉनचा पट्टा, असं सगळं अडीच हजारांत बसवलं. दोन रविवार पुरले.

सिमला तीन आठवडे लागले.

साहेब म्हणाले, यंत्रात घालायचं तर एम-टू-एम सिम लागतं आणि ते कंपनीलाच मिळतं. जीएसटी नंबर आणा, लेटरहेड आणा, शिक्का आणा. आमच्या तांबू गाईच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला आहे, तो चालेल का, असं विचारलं. ते हसले नाहीत. शेवटी दुसऱ्या दुकानात जाऊन गाईचं नावही न काढता माझ्या आधारवर साधं सिम घेतलं. तेही फक्त फोरजीवालं निघालं, टूजी ट्रॅकरमध्ये मुकं. तेव्हा घेण्याआधी टूजी चालतं का ते विचारा. आणि सिम आधी मोबाइलमध्ये घालून त्याचं पिन-लॉक काढून टाका.

त्यानंतरचं सिम चाललं. बारा दिवस. मग तांबूने ऐनाच्या खोडाला मान घासली, डबीला चीर गेली, पाणी शिरलं आणि सिम खराब झालं. शुक्रवारी दुपारी त्याच नंबरचं नवीन सिम काढून आणलं. सेल काढल्यामुळे ट्रॅकर सगळं विसरला होता. त्याला पुन्हा शिकवायचं ते एसएमएस पाठवूनच. पाठवला. उत्तर नाही. फोन लावला तर रिंग जाते, म्हणजे रेंज आहे. पुन्हा एसएमएस. शांत. दहा-बारा पाठवले. मग वाटलं, ओल आतपर्यंत गेली. सिलिकॉन खरवडून काढलं, बोर्ड बाहेर घेतला, चुलीशेजारी ठेवून सुकवला, सोल्डरिंगचे सगळे टाके पुन्हा मारले. रात्री एक वाजता अँटेनाची केसासारखी तार माझ्याच हातून तुटली. आबा खाटेवरून म्हणाले, ‘झोप रं आता, गाय गोठ्यातच हाय.’

शनिवारी एसटीने पुन्हा तालुक्याला. साहेब चहा पीत म्हणाले, ‘सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंदच असतात. येणारे पण, जाणारे पण. नियम आहे.’

नियम चांगलाच आहे. कुणी आपल्या नावावर सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून केलाय. पण सिम हातात ठेवताना हे एक वाक्य सांगायला काय मोल पडलं असतं? घरी पोचेपर्यंत एसएमएस सुरू झाले होते आणि ट्रॅकरला अँटेना नव्हती.

नवीन अँटेना आठ दिवसांनी आली. या वेळी डबी मानेच्या वर घेतली. आधी ती गळ्याखाली लोंबायची, अँटेनाचं तोंड जमिनीकडे, आणि गाय अर्धा किलोमीटर भलतीकडेच दिसायची. डबी वरच राहावी म्हणून पट्ट्याला खालून लोखंडी वॉशर बांधलेत, लोढण्यासारखे. दर दहा मिनिटांनी ठिकाण मागवलं तर सेल तीन दिवसांत बसतात. तासाला एकदा पुरतं, पंधरवडा निघतो.

गावातल्या एका पोराने विचारलं, हाच पट्टा बिबट्याला बांधू का? बाबा रे, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते. आणि बांधणार कोण?

रिचार्ज २८ दिवसांचा असतो, हे सांगायचं राहिलंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आबांनी त्या तारखेला गाईचं चित्र काढून ठेवलंय.